फ्रीजरमधली सव्वीस पाकिटं

मटारची पिशवी फ्रीजरमधून काढली की हातात खुळखुळली पाहिजे. जानेवारीत सोललेला, दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून लगेच गार पाण्यात बुडवलेला, पंचावर पसरून कोरडा केलेला मटार असेल तर दाणा न् दाणा सुटा राहतो. मे महिन्यातल्या त्या रविवारी सकाळी मी उपम्यासाठी पिशवी काढली आणि हातात धोंडा आला. हिरवा, एकसंध, वरवंट्याएवढा. तो ओट्यावर ठेवून मी पुन्हा मागच्या गॅलरीत गेले, फ्रीजरचं झाकण उचललं आणि कोपऱ्यातली स्टीलची वाटी काढली. वाटीतल्या बर्फाच्या वर एक रुपयाचं नाणं असायला हवं होतं. ते तळाशी होतं.

या नाण्याची आमच्या घरात तीन वर्षं चेष्टा झाली आहे. युक्ती मी कॉलेजच्या कार्यालयात नोकरीला असताना एका सहकारी बाईंकडून शिकले होते. त्यांच्या माहेरी आइस्क्रीमचं दुकान होतं. वाटीत पाणी गोठवायचं, वर नाणं ठेवायचं आणि विसरून जायचं. आपण घरात नसताना फ्रीजर बंद पडला, आतलं सगळं वितळलं, तर नाणं बुडतं. मागाहून पुन्हा सगळं गोठलं तरी नाणं वर येत नाही. सासरे त्या वाटीला फ्रीजरची दक्षिणा म्हणायचे. पाहुणे आले की त्यांना गॅलरीत नेऊन दाखवायचे, आमच्या सूनबाईंनी यंत्राला रुपया वाहिलाय, म्हणून.

तर आता दक्षिणा बुडाली होती. फ्रीजरच्या तळाला चिकनच्या डब्याखाली गुलाबी बर्फाचा थर होता. आंब्याच्या रसाच्या पिशव्या एकमेकींना चिकटल्या होत्या. आणि उजव्या बाजूच्या जाळीच्या टोपलीत, ज्या टोपलीला हात लावायची मी घरात सगळ्यांना बंदी केली होती, तिथे माझ्या मुलीच्या दुधाची सव्वीस पाकिटं होती. ठेवताना ती पाटीसारखी सपाट, पुस्तकांसारखी उभी लावलेली होती. आता ती फुगून, वाकडी होऊन, टोपलीच्या जाळीचे ठसे अंगावर घेऊन गोठली होती.

त्या पाकिटांवर काय अवलंबून होतं ते आधी सांगते, नाहीतर एका फ्रीजरपायी बाई एवढी का चिडली, असं वाटेल.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, म्हणजे आमच्याकडे, नाशिकला गंगापूर रोडवर. जावई पुण्याला नोकरीला. तिची स्वतःची नोकरी दिंडोरीजवळच्या फळांच्या रसाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. रसाच्या नमुन्यात जंतू किती, हे पाहणं तिचं काम. बाळ साडेपाच महिन्यांचं झालं आणि रजा संपत आली. आंब्याचा हंगाम जोरात असल्यामुळे रजा वाढणार नाही, मंगळवारी हजर व्हा, नाहीतर जागेवर दुसरं माणूस घेऊ, असं कारखान्यातून स्पष्ट कळवलं होतं. मी गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, त्यामुळे बाळाला सांभाळायचा प्रश्न नव्हता. प्रश्न दुधाचा होता.

माझ्या विहीणबाई सटाण्याकडच्या एका गावात राहतात. चार म्हशी, तीन मुलं वाढवलेली, शब्दाच्या पक्क्या. त्यांनी बाळाच्या बारशालाच सांगून टाकलं होतं की नातवाला डब्यातली पावडर चालणार नाही. पावडरच पाजायची तर नोकरी कशाला, पोराच्या तोंडचं काढून पगार आणायचा का, असा त्यांचा सवाल. जावयाने आईपुढे मान हलवली आणि बायकोला फोनवर सांगितलं, तू बघ कसं जमतंय ते. मुलीने बघितलं. दोन महिने ती जमेल त्या दिवशी, पहाटे किंवा दुपारी, बाळाचं पोट भरल्यावर, थोडं थोडं दूध काढून साठवत होती. कधी साठ मिली, कधी जेमतेम तीस. मी खास पाकिटं आणली. प्रत्येक पाकिटावर तारीख, वेळ, किती मिली, हे न पुसणाऱ्या पेनने लिहिलं. दूध आधी फ्रिजमध्ये गार करून मगच गोठवायचं, कोमट दूध गोठलेल्याजवळ ठेवायचं नाही. पाकीट काठोकाठ भरायचं नाही, कारण गोठताना दूध फुगतं. आडवं ठेवून सपाट गोठवायचं, मग उभं लावायचं, जुनं पुढे, नवं मागे. वहीत नोंद. सव्वीस पाकिटं झाली तेव्हा हिशोब जुळला. रोजचं ताजं आणि साठ्यातलं मिळून पहिले तीन आठवडे निघत होते, आणि तोवर बाळ नाचणीच्या सत्त्वाला लागलं असतं. म्हणजे मुलीची नोकरी त्या टोपलीत होती.

आता त्या टोपलीभोवतीच्या लोकांविषयी.

फ्रीजर आडवा, वर झाकण असलेला, तीन वर्षांपूर्वी घेतला. घेतला त्या दिवसापासून इमारतीतल्या सगळ्यांना तो सार्वजनिक वाटतो. तुमच्याकडे जागा आहे ना, हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलं आहे तितक्यांदा मी माझं नाव ऐकलं नसेन. वरच्या मजल्यावरच्या बाई साखरपुड्याचं उरलेलं श्रीखंड पातेल्यासकट घेऊन येतात. पातेल्याला झाकण नाही, वर ताटली. माझा धाकटा दीर धरणावरून मासे आणतो आणि पेपरात गुंडाळून ठेवून जातो, मग आठवडाभर माझ्या आंबोळीच्या पिठाला मासळी बाजाराचा वास. एका वहिनींनी पुरण आणून ठेवलं, शिजलं तसं, वाफाळतं. गरम पदार्थ आत ठेवला की शेजारचं गोठलेलं सुटतं, आत दव धरतं, बर्फाचे थर चढतात. मी हे सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, अहो, गार करायलाच तर आणलंय. आणि साचलेला बर्फ काढायला माझ्या यजमानांनी एकदा उलथणं घेतलं. फ्रीजरच्या आतल्या भिंतीत गॅसच्या नळ्या असतात. एक भोक पडलं की यंत्र भंगारात. बर्फ काढायचा तर फ्रीजर बंद करून, सामान गोधडीत गुंडाळून, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवून झाकण उघडं सोडायचं आणि वाट पाहायची. मी हे वर्षातून एकदा, मटार यायच्या आधी, डिसेंबरात करते. पण वाट पाहणं हे आमच्या घरात फक्त बायकांचं काम आहे.

या सगळ्यावर उपाय म्हणून झाकणावर मी नियमांची यादी चिकटवली. ती सगळ्यांनी पाहिली आहे. वाचलेली कोणीच नाही, एका माणसाचा अपवाद सोडून. ते माझे सासरे.

सासरे, घरात आम्ही त्यांना दादा म्हणतो, इगतपुरीला रेल्वेच्या सिग्नल खात्यात छत्तीस वर्षं होते. आता वय ब्याऐंशी. त्या खात्याने त्यांच्या अंगात एक गोष्ट मुरवली, ती म्हणजे लेखी असेल तेच करायचं आणि लेखी असेल ते सगळं करायचं. घरात एवढी शिस्त असलेला दुसरा पुरुष नाही, म्हणून मला त्यांचं कौतुक होतं. होतं, असं म्हणते.

त्या आठवड्यात गुरुवारी आम्ही सप्तशृंगीला निघालो. मुलगी कामावर रुजू व्हायच्या आत बाळाला कुलदेवीच्या पायावर घालायचं, हा विहीणबाईंचा आग्रह, आणि मलाही ते पटलेलं. गडावरून दोन रात्री त्यांच्या गावी मुक्काम, शनिवारी संध्याकाळी परत. येताना विहीणबाईही आमच्याबरोबर नाशिकला आल्या, सून कामाला जाते कशी आणि नातू दूध पितो कसा हे डोळ्यांनी पाहायला. घरात पाऊल टाकल्यावर मी आधी गॅलरीत डोकावले. फ्रीजरचा हिरवा दिवा चालू होता. मी निश्चिंत झाले, झाकण उघडलंही नाही. त्या दिव्याला एवढंच कळतं की आत्ता वीज आहे. काल होती का, हे त्याला विचारून उपयोग नसतो.

आणि रविवारी सकाळी मटारचा धोंडा.

मी आधी वीज गेली असणार असंच धरलं. मायक्रोवेव्हवरचं घड्याळ चुकीची वेळ लुकलुकवत होतं, म्हणजे वीज गेलीच होती. पण किती वेळ? बंद फ्रीजर एवढ्यातेवढ्याने वितळत नाही. झाकण उघडलं नाही तर काठोकाठ भरलेला दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला साधारण एक. माझा अर्धा होता. उन्हाळ्यात मटार संपत आलेला असतो. मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या, म्हणजे गारवा टिकतो, हे मला माहीत आहे, मी दर वर्षी ठेवते, आणि या वर्षी बाळाच्या गडबडीत राहून गेलं होतं. तरी इतकं वितळायचं म्हणजे दिवसापेक्षा जास्त वेळ वीज नव्हती. मी मनातल्या मनात तक्रारीचा अर्ज लिहायला घेतला. विषय, संदर्भ, तीन परिच्छेद. मग शेजारी जाऊन विचारलं. वीज गेलीच नाही, म्हणाले. खालच्या मजल्यावर विचारलं. तिथेही नाही. आमच्या ओळखीच्या वायरमनला फोन केला. तो म्हणाला, तीन दिवसांत या लाइनवर काहीच झालेलं नाही, घरातलंच बघा ताई.

घरातलंच पाहण्याआधी घरात सभा भरली होती. मी सगळं सामान ओट्यावर काढून ठेवलं होतं आणि फेकायचं म्हटलं होतं. एवढ्यावर चार जणांची पाच मतं निघाली. यजमानांचं मत, उकळून घेऊ. चिकनही उकळू, रसही आटवू, दूधही. घरातल्या पुरुषांचा उकळण्यावर जो विश्वास आहे तो देवावरही नसेल. दादांचं मत, वास नाही ना, मग अन्न टाकू नये. आणि हे तेच दादा, ज्यांना सकाळची पोळी संध्याकाळी चालत नाही, शिळी म्हणतात. विहीणबाईंनी दुधाचं एक पाकीट हातात घेतलं, उजेडात धरलं, नखाने वाजवून पाहिलं.

“बरफ तर शे ना अजून?” त्या आपल्या अहिराणी वळणाने म्हणाल्या. “मग बिघडलं काय?”

मी सांगितलं की ते एकदा पूर्ण वितळून कोमट झालं होतं आणि काल संध्याकाळपासून पुन्हा गोठलं आहे. मधल्या वेळात त्यात काय वाढलं ते डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि गोठल्याने ते मरत नाही, फक्त थांबतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, चाळीस वर्षं दूध बघतेय ताई, नासलेलं दूध मला लांबून कळतं. आमच्या वेळी दूध अंगावर होतं, बर्फात नव्हतं, म्हणून ही भानगड नव्हती.

“तुमच्या वेळी म्हशीला मंगळवारी हजर व्हायचं नव्हतं,” मी म्हणाले.

हे मी बोलायला नको होतं. तोवर गप्प उभी असलेली माझी मुलगी पुढे आली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. तिने दुसऱ्या हाताने सासूबाईंकडून पाकीट घेतलं, त्यावरचं माझं अक्षर वाचलं, तारीख, वेळ, पंचेचाळीस मिली.

“माझ्या टेबलावर असा नमुना आला असता ना आई,” ती सासूबाईंना म्हणाली, “तर मी तपासायलासुद्धा घेतला नसता. तसाच परत पाठवला असता. परक्याच्या पोरांसाठी मी एवढं करते.”

आणि मग ती रडली. आवाज न करता, बाळ उठू नये म्हणून. दोन महिने पहाटे उठून भरलेली सव्वीस पाकिटं समोर, परवा कामावर हजर व्हायचं, आणि मदतीला आम्ही चार शहाणे. मला त्या क्षणी ज्याने कोणी हे केलं त्याला समोर उभं करून जाब विचारायचा होता. मी मोठ्याने विचारलंही, वीज गेली नाही तर बंद कोणी केलं?

“मी केलं,” दादा म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले की मला आधी कळलंच नाही. गुरुवारी निघताना मी बाळाला घेऊन खाली गाडीत बसले होते. एरवी घर बंद करून सगळ्यांत शेवटी मी निघते. या वेळी दादा मागे राहिले होते. त्यांनी गॅस बंद केला, नळ पाहिले, खिडक्या लावल्या, आणि दाराशेजारचा मेन स्विच खाली ओढला. शनिवारी सर्वांत आधी वर येऊन त्यांनीच तो चालू केला. माझ्या तोंडून पुढे जे निघालं ते इथे लिहीत नाही. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला सुनेने जे बोलू नये त्यातलं बरंचसं त्यात होतं. यजमान मध्ये पडायला लागले, तर दादांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“मी मनाने काही करत नाही,” ते म्हणाले. “लेखी आहे. सात नंबर.”

दाराच्या मागच्या बाजूला, चावीच्या खुंटीच्या वर, एक यादी आहे. आम्ही अकरा वर्षांपूर्वी इगतपुरीहून इथे राहायला आलो तेव्हा चिकटवलेली, वर प्लास्टिकची पट्टी लावलेली, म्हणून अजून शाबूत. घराबाहेर पडताना, असं वर ठळक. एक, गॅसचा रेग्युलेटर. दोन, मोरीचा नळ. असं करत सात, मेन स्विच बंद. इगतपुरीला आम्ही जुन्या भाड्याच्या घरात होतो. पावसाळ्यात भिंती पाझरायच्या, बटणाला हात लावला की मुंग्या यायच्या. दोन दिवसांसाठी जरी गाव सोडलं तरी मेन स्विच बंद करणं हा तिथे घरोघरचा नियम होता. तो मी इथे बरोबर आणला, यादीत घातला, आणि दर वेळी शेवटी मीच बाहेर पडत असल्यामुळे फ्रीजर घेतल्यानंतर तो पाळायचा मनातल्या मनात बंद केला. यादीत तो तसाच राहिला. अक्षर माझं. सातच्या खाली मी दुहेरी रेघ ओढली होती, विसरू नये म्हणून.

मी यादीसमोर किती वेळ उभी होते माहीत नाही. फ्रीजरच्या झाकणावर माझे नऊ नियम होते. आजूबाजूला भिंतीपासून वीतभर जागा सोडावी इथपासून झाकण वारंवार उघडू नये इथपर्यंत. प्लग काढू नये हेसुद्धा होतं. मेन स्विच त्यात नव्हता. दादांनी दोन्ही याद्या तंतोतंत पाळल्या होत्या. प्लगला त्यांनी हात लावला नव्हता.

तरी माझा राग ओसरला, असं म्हणायचं तर खोटं होईल. हिरवा दिवा गेलेला त्यांना दिसला नाही का? दिसला असणार. पण दिव्याबद्दल कुठे काही लिहिलेलं नव्हतं.

विहीणबाईंनी मध्येच विचारलं, पाकिटं फोडणार कुठे? मी म्हटलं, मोरीत. त्या उठून उभ्या राहिल्या. आईचं दूध गटारात सोडत नाहीत, एवढंच म्हणाल्या, आणि टोपली कमरेवर घेऊन चपला घातल्या. आम्ही तिघी इमारतीच्या मागच्या अंगणात गेलो. तिथे एक शेवग्याचं झाड आहे. पाकिटं उन्हात सुटेपर्यंत त्याच्या बुंध्याशी बसलो. मग मुलीने एकेक पाकीट कापून ओतलं. प्रत्येकाची तारीख ती वाचत होती. वॉचमनने लांबून पाहिलं आणि पाठ फिरवली. दहा-बारा झाल्यावर विहीणबाईंनी तिच्या हातातली कात्री घेतली आणि उरलेली त्यांनी ओतली. मुळाशी माती ओली झाली, त्यावर त्यांनी मूठभर कोरडी माती लोटली. चिकन, मटार, रस, सगळं सोमवारी सकाळी घंटागाडीत गेलं.

जिना चढताना त्या मला म्हणाल्या, “पावडर नको म्हणजे नको. पण पोरगी मंगळवारी जाईल. कारखाना कुठे शे ते सांगा.”

मी लगेच वही उघडली. मुलगी सकाळी निघायच्या आधी पाजेल, संध्याकाळी आल्यावर पाजेल. रोज काढलेलं ताजं दूध सकाळी दहासाठी आणि दुपारी तीनसाठी पुरेल. साठा होता तो दुपारच्या एकच्या वेळेसाठी. मग एक वाजता बाळच तिथे न्यायचं. गाडी यजमान चालवतील, उकळायची हौस तेवढी आवरून.

मंगळवारी साडेबाराला आम्ही कारखान्याच्या फाटकावर होतो. सुरक्षारक्षकाने वहीत नाव लिहा, कामाचं कारण लिहा, म्हटलं. मी लिहिलं, जेवण. त्याने विचारलं कोणाचं, तर विहीणबाईंनी पदर बाजूला करून बाळ दाखवलं. आत कार्यालयाच्या मागे एका दारावर हिरकणी कक्ष अशी पाटी होती, चांगली रंगवलेली. दार उघडलं तर आत रिकाम्या बाटल्यांची खोकी छतापर्यंत. एक खुर्ची होती, तिच्यावर जुना प्रिंटर. मला पुन्हा रविवारसारखंच चढलं. मी तिथल्या अधिकाऱ्यांना विचारायला लागले, ही पाटी कधी लावली, खोकी कोणाच्या परवानगीने ठेवली, लेखी आहे का. ते म्हणाले, मॅडम, हंगाम आहे, जागा नाही, संपला की करू रिकामी. हंगाम संपेपर्यंत बाळ चालायला लागलं असतं.

मी बोलत असताना विहीणबाई आत शिरल्या. प्रिंटर उचलून त्यांनी टेबलाखाली ठेवला, खुर्ची पदराने पुसली, तीत बसल्या आणि बाळाला मांडीवर घेतलं.

“पोरीला बोलवा,” त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या. “मी इथेच बसते. तुमचा हंगाम होऊ द्या.”

खोकी बुधवारी निम्मी निघाली, शुक्रवारी सगळी. आम्ही तीन आठवडे रोज गेलो. चौथ्या दिवसापासून गोदामात काम करणारी एक मुलगीही दुपारी तिथे येऊ लागली. तिचं बाळ तिची आई रिक्षाने आणायची. तोवर ती कुठे पाजत होती, हे मी विचारलं. शौचालयात, म्हणाली. मी ते वहीत लिहून ठेवलं आहे. कोणाला तरी ते लेखी लागेलच.

फ्रीजरसाठी वायरमनने आता वेगळी लाइन टाकून दिली आहे. तिचा खटका वेगळा, त्यावर लाल पट्टी. मेन स्विच ओढला तरी फ्रीजर चालू राहतो. आत मी सोडा घातलेल्या पाण्याने पुसून घेतलं, दिवसभर उघडा सोडला, पाण्याच्या बाटल्यांनी निम्मा भरला, वाटीत नवं पाणी गोठवलं, वर रुपया ठेवला. वरच्या मजल्यावरच्या बाई परवा बासुंदीचं पातेलं घेऊन आल्या होत्या. त्यांना मी दारातच नाही म्हटलं. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

दाराआडची जुनी यादी मी फाडायला निघाले तेव्हा दादांनी हात धरला. जुनं परिपत्रक फाडत नाहीत, फाइलला लावतात, म्हणाले. नवीन यादी मी ठळक अक्षरात लिहून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. मग बोट ठेवून म्हणाले, हिच्यावर तारीख नाही. मी तारीख घातली. आधीची रद्द, असं लिहायला पाहिजे, म्हणाले. मी लिहिलं. यादी माझ्याकडे देत नव्हतेच अजून.

“आणि सही, सूनबाई. मागच्या खेपेला सही नव्हती.”

मी सही केली. त्यांनी कागदाला घडी न पाडता तो स्वतः दाराला लावला, चारही कोपऱ्यांना टाचण्या, मधोमध एक. मागच्या गॅलरीतून मुलीने हाक मारली, पेन कुठंय म्हणून. आज कामावरून आल्यावर चाळीस मिली जादा निघालं होतं, पाकिटावर तारीख घालायची होती.